अडीच किलोचा नियम

दर सोमवारी सकाळी आमच्या कंपनीत एक यादी निघते. तिचे नाव 'असहकार्य'. ज्या रुग्णांनी सात दिवस घरच्या वजनकाट्यावर पाय ठेवलेला नाही, त्यांची ही यादी. सव्वीस वर्षे मी वॉर्डात सिस्टर होते. औषध थुंकणारे पाहिले, सलाइनची सुई उपटून काढणारे पाहिले, एका आजोबांनी तर माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला होता. पण कुणाच्याही केसपेपरवर मी 'असहकार्य' असा शब्द लिहिला नाही. माणूस औषध का थुंकतो ते आधी त्याला विचारायचे असते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. इथे विचारायची पद्धत नाही. इथे यादी निघते.

काटा कसला ते सांगते. हृदय कमजोर झाले की अंगात पाणी साठू लागते. डोळ्यांना ते उशिरा दिसते, वजनात लवकर दिसते. आमचा काटा रोज सकाळचे वजन आपले आपण कंपनीच्या सर्व्हरला कळवतो. वजन चढले की डॉक्टरांनी ठरवून दिलेली अंगातले पाणी काढणारी जादा गोळी घ्या, असा निरोप रुग्णाच्या फोनवर जातो आणि माझ्या स्क्रीनवर लाल खूण उमटते. मग मी फोन करते. कल्पना चांगली आहे. तिच्या प्रेमात पडूनच मी वॉर्ड सोडला, हेही कबूल करते.

त्या सोमवारच्या यादीत शिंपीणबाई होत्या. नऊ दिवस नोंद नाही. पुढे शेरा होता: 'यंत्र परत आणावे. रुग्णालयास कळवले.'

'यंत्र परत आणावे' यावर मी फार थांबले नाही. थांबले ती 'कळवले' या शब्दाशी. बाईंच्या हृदयाचा एक व्हॉल्व्ह गळत होता आणि ऑपरेशनच्या यादीत त्यांचा सहावा नंबर होता. दर गुरुवारी रुग्णालयात समिती बसते. जो आपली काळजी घेत नाही त्याचे नाव ती खाली ढकलते किंवा काढूनच टाकते. एवढे मोठे ऑपरेशन करून पुढे माणूस पथ्य पाळणार नसेल तर उपयोग काय, असा त्यांचा हिशोब. हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. पण तो आमच्या यादीवर चालतो. म्हणजे गुरुवारपर्यंत बाईंचे नाव त्या शेऱ्यातून सुटले नाही, तर ऑपरेशन गेले. आणि ऑपरेशन गेले तर बाईंचे फार दिवस उरले नाहीत, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मी फोन केला नाही. यंत्र परत आणायचा कागद पर्समध्ये घातला आणि सरळ त्यांच्या घरी गेले.

बाईंचे घर तळमजल्यावर. पुढच्या खोलीत दुकान, खिडकीपाशी शिलाई मशीन, तारेवर बाह्या न लावलेले शाळेचे कोट टांगलेले. कटिंगच्या टेबलाखाली आमचा पांढरा काटा, पुसून लख्ख केलेला. भिंतीकडे तोंड करून त्यांची धाकटी जाऊ काजे करत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आलात?" बाई म्हणाल्या. "घेऊन जा. नऊ दिवसांत या काट्यानं घरात जेवढी भांडणं लावली..." इथे त्यांना श्वास घ्यावा लागला. "तेवढी सासूनं तीस वर्षांत लावली नाहीत."

"ताई, तुम्ही वजन करत नाही असं..."

"मी? करत नाही? रोज सकाळी साडेसहाला. चहाच्या आधी. अनवाणी. तुम्हीच शिकवलंत ना? हा बघा तुमचा मेसेज." त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. 'आपण वजन केलेले नाही. आपल्या आरोग्याची जबाबदारी आपली आहे.' खाली एक लाल हृदय, हसरे. "मी चिडून तुमच्या हेल्पलाइनला फोन लावला. ती मुलगी म्हणते, काकू, तुमच्या घरातलं दुसरं कुणीतरी काट्यावर उभं राहतंय, त्यांना सांगा. आता घरात दुसरं कोण आहे? ही!"

"मी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही, सिस्टर," जाऊ भिंतीलाच म्हणाली. "झाडताना केरसुणी बाजूनं फिरवते. तरी नऊ दिवस बोलणी खातेय."

"उभ्या राहा बघू," मी म्हणाले.

बाई टेबलाला धरून काट्यावर चढल्या. ६४.३ हा आकडा दोनदा लुकलुकला आणि विझला. त्या जागी अक्षरे आली: 'पाहुणे, स्वागत आहे!' सोबत हात हलवणारा एक गोल चेहरा.

तीस वर्षे ज्या घरात राहिल्या, तिथे त्या बाई सकाळी सकाळी काट्यावर उभ्या राहत होत्या आणि आमचा काटा त्यांना पाहुणी म्हणत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी खाली बसून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, आणि मी दहा मोजेपर्यंत भरला नाही. आमच्या नोंदीतले त्यांचे शेवटचे वजन अठ्ठावन्न पूर्णांक एक होते. सहा किलो पाणी अंगात घेऊन बाई काजाचे धागे कापत होत्या.

"झोपता कशा?"

"बसून. तीन उशा लावून." मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली. मापांची वही. एकेका गिऱ्हाइकाला एकेक पान. "काटा लिहीत नाही म्हटल्यावर मी लिहायला लागले. आधी चार दिवस तुमचं ते सर्व्हरचं काम चालू होतं, तेव्हापासनं. आकडा लुकलुकतो ना, तेवढ्यात टिपून घेते. आणि टेपनं घोटा मोजते. माझं माप चुकत नाही."

पानाच्या डोक्यावर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी 'मी' असे लिहिले होते. खाली तेरा ओळी. तारीख, आकडा, घोटा. घोटा साडेआठ इंचांपासून सुरू होऊन सव्वादहावर आला होता. एवढी स्वच्छ नोंद मी वॉर्डातल्या डॉक्टरांच्या हातची पाहिली नाही.

रुग्णवाहिका बोलावली. जाऊने न सांगता कपड्यांची पिशवी भरली आणि ती पुढे जाऊन बसली.

बाईंना दाखल करून मी ऑफिसात आले आणि थेट आमच्या कोडवालीच्या टेबलाशी गेले. काट्याचा प्रोग्राम तिने लिहिलेला. मुलगी हुशार आहे, कानात सदोदित ते गाणी ऐकायचे बोंडूक असते, पण मला पाहिले की काढते.

"काटा पाहुणा कुणाला म्हणतो?" मी विचारले.

"आधीच्या वजनापेक्षा अडीच किलोच्या वर फरक पडला, तर ते माणूसच वेगळं असं धरतो. घरातली पोरंटोरं उभी राहतात ना."

"आधीच्या म्हणजे कालच्या?"

"आधीच्या म्हणजे शेवटच्या नोंदल्या गेलेल्या..." आणि ती थांबली. तिचा चेहरा उतरत गेला, कारण ती माझ्या आधी तिथे पोचली होती. "सिस्टर, सर्व्हरच्या डागडुजीत चार दिवस नोंदीच झाल्या नाहीत, ते दिवस यादीतही धरलेले नाहीत. त्या चार दिवसांत ज्यांचं वजन थोडं थोडं करून अडीचच्या वर गेलं..."

"ते पाचव्या दिवशी पाहुणे झाले."

"हो. आणि पाहुण्याचं वजन नोंदलं जात नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशीही तुलना त्या जुन्याच वजनाशी. म्हणजे ते पाहुणेच राहणार. जितकं पाणी वाढेल तितके जास्त पाहुणे."

"ती वजनं कुठेतरी असतील ना? काढ."

"नाहीत. पाहुण्याची परवानगी घेतलेली नसते, म्हणून त्याचं वजन साठवायचं नाही असा नियम आहे. खासगीपणाचा. कुणीतरी चढलं होतं एवढी खूण फक्त राहते."

वा! बाईंच्या पायांतले पाणी आम्ही त्यांचा खासगीपणा जपण्यासाठी पुसून टाकत होतो. आणि मागाहून त्यांनाच मेसेज पाठवत होतो की जबाबदारी आपली आहे. मी टेबलावर हात आपटला. दोन टेबलांपलीकडची माणसे वळून पाहू लागली, त्यांना पाहू दिले.

"ही अक्कल कुणाची? हा अडीच किलोचा नियम कुणाच्या डोक्यातून आला?"

कोडवालीने गेल्या वर्षीच्या एका बैठकीचा वृत्तांत उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. सातवा मुद्दा: 'सिस्टरची सूचना'. खाली माझी सही.

मला ती बैठक लख्ख आठवली. काटे नुकतेच घरोघरी गेले होते. नातवंडे त्यावर उड्या मारत, कुणी कुत्र्याला उचलून उभे राही, कुणी तांदळाची पिशवी ठेवून बघे. दिवसाला तीस खोट्या लाल खुणा यायच्या आणि प्रत्येकीला फोन करून माझा जीव मेटाकुटीला आला होता. मीच ओरडले होते, की या पाहुण्यांना आधी बाहेर काढा. कोडवालीने तेव्हा विचारले होते, खऱ्या रुग्णाचे वजन जास्तीत जास्त किती वाढू शकते? मी म्हणाले होते, एका दिवसात अडीच किलोच्या वर कुणाचे वाढत नाही. वॉर्डात हे खरेच आहे, कारण वॉर्डात रोज वजन होते, सर्व्हर बंद आहे म्हणून सिस्टर चार दिवस सुट्टीवर जात नाही. वृत्तांतात 'एका दिवसात' हे शब्द नव्हते. मी तो वाचला होता, आणि सही केली होती.

सकाळपासून मी खापर फोडायला डोके शोधत होते, ते माझ्याच मानेवर होते. राग मात्र कमी झाला नाही. उलट वाढला, त्याला आता घरचा पत्ता मिळाला होता.

"असे आणखी किती आहेत?" मी विचारले. "ज्यांच्याकडे रोज त्याच वेळी पाहुणा येतो आणि रुग्ण मात्र गायब आहे?"

तिने वीस मिनिटांत काढले. अकरा. सगळे 'असहकार्य'च्या यादीत. सगळ्यांबद्दल रुग्णालयास कळवलेले. त्यांतले पाच जण बाईंसारखेच ऑपरेशनच्या रांगेत होते. आम्ही दोघींनी एकेक फोन घेतला आणि लावत सुटलो. पाय सुजलेत का, आडवे झोपता येते का, एवढेच विचारायचे. सात जणांना त्याच दुपारी रुग्णालयात पाठवले. एका गृहस्थांनी विचारले, "म्हणजे काटा बिघडला होता का?" मी म्हणाले, "नाही, आम्ही बिघडलो होतो. तुम्ही आधी निघा."

मग मी साहेबांकडे गेले. साहेब आमच्या डिझाइनचे प्रमुख. त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात तो काटा ठेवलेला आहे, खालून दिवा सोडून. त्यावर आजवर कुणी उभे राहिलेले नाही.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्यांना चिडता येत नाही, हा त्यांचा मोठा गुण समजला जातो.

"सिस्टर, काटा बिघडलेला नाही. जसा बनवला तसाच चालला," ते म्हणाले आणि घटनेचा फॉर्म पुढे केला. कारणांच्या रकान्यात दोनच चौकोन होते. 'यंत्रात बिघाड' आणि 'वापरकर्त्याची चूक'. "बिघाड नाही, म्हणजे राहता राहिलं..."

"त्यांची चूक कोणती?"

"माहितीपुस्तिकेत पान एकोणतीसवर स्पष्ट लिहिलंय. 'पाहुणे' असं दिसल्यास रुग्णाने आपलं वजन नव्याने भरावं."

"साहेब, ती पुस्तिका तुम्ही वाचलीय? मी नाही वाचली. मी इथे नोकरी करते. दम लागलेल्या बाईनं 'मी पाहुणी नाही' हे काट्याला पटवायला पान एकोणतीस शोधायचं होतं?"

"तुमचा राग मी समजू शकतो."

"समजू नका. पत्र द्या. रुग्णालयाला लिहा की या बारा जणांनी रोज वजन केलं आणि आम्ही ते फेकून दिलं. गुरुवारी समिती आहे."

पत्र वकिलांकडून जाईल, ते म्हणाले. तीन आठवडे. तोवर कुणी काही बोलायचे नाही, लिहायचे नाही. शिवाय शेवटी नियमाची सूचना कुणाची होती हेही बघावे लागेल, असे त्यांनी अगदी हळू आवाजात, माझ्या भल्यासाठी सांगितले.

"तेच दाखवायला जाणार आहे," मी म्हणाले.

"कंपनीच्या वतीने तुम्ही तिथे जाऊ शकत नाही, सिस्टर."

"कंपनीला घरीच राहू दे. मी माझ्या वतीनं जाईन."

बुधवारी वॉर्डात गेले. बाईंच्या अंगातले चार किलो पाणी उतरले होते, पाठीशी एकच उशी होती. जाऊ शेजारी स्टुलावर संत्रे सोलत बसलेली. मी दोघींना सगळे सांगितले. नियम माझा होता, हेही सांगितले. वाटले होते, म्हणतील, जाऊ द्या सिस्टर, मुद्दाम का केलंत. अशी वाक्ये आजारी माणसे फार उदारपणे देतात, आणि आम्ही ती खिशात घालून घरी जातो.

बाईंनी दिले नाही.

"माझ्याकडे गिऱ्हाईक येतं," त्या म्हणाल्या. "मागच्या मापाचा कोट त्याला घट्ट झाला, तर मी त्याला म्हणते का, की तू तो नव्हेसच? मी नवं माप घेते. एवढं साधं तुम्हाला कुणालाच सुचलं नाही? एवढी शिकलेली माणसं तुम्ही!"



"आणि ही." त्यांनी जावेकडे मान वळवली. "हिला मी चोरटी म्हटलं. तुमच्या काट्यावर विश्वास ठेवून. घरच्या माणसावर नाही ठेवला."

"खा आता," जाऊ म्हणाली आणि तिने संत्र्याची फोड पुढे केली.

बाईंनी उशाखालची वही काढून माझ्या हातात दिली. "हरवू नका. त्यात चाळीस गिऱ्हाइकांची मापं आहेत. आणि दुसरी पानं वाचायची नाहीत."

गुरुवारी समितीच्या खोलीबाहेर मी अर्धा तास उभी होते. आत तीन डॉक्टर. मधल्या मोठ्या मॅडम, त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षे काम केलेले. समोर फायलींची चळत आणि तीत आमची यादी, कंपनीच्या छापील कागदावर, वर तेच लाल हृदय.

"सिस्टर, तुम्ही? कंपनीकडून?"

"नाही, मॅडम. यातल्या शिंपीणबाईंसाठी." मी वृत्तांताचा कागद ठेवला. "हा नियम माझ्या सांगण्यावरून झाला. ही माझी सही. यात 'एका दिवसात' हे शब्द हवे होते, ते नाहीत, आणि मी ते पाहिलं नाही. बाई रोज काट्यावर चढत होत्या. आमच्या यंत्रानं त्यांना पाहुणी ठरवलं आणि त्यांचं वजन पुसलं." मग मी वही उघडून 'मी' लिहिलेले पान समोर केले.

मॅडम वाचत गेल्या. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होते. शेजारच्या डॉक्टरांनी दाखल झाल्या दिवशीचे वजन फायलीत काढून पाहिले. चौसष्ट पूर्णांक तीन. वहीतल्या शेवटच्या ओळीतही तेच.

"घोटासुद्धा मोजलाय," मॅडम म्हणाल्या. "माझे विद्यार्थी मोजत नाहीत." त्यांनी पेन उचलले, आमच्या यादीतल्या बाईंच्या नावावर आडवी रेघ मारली आणि कारकुनाला सांगितले, "यांचा नंबर होता तिथेच ठेवा. सहावा." मग वही मिटून माझ्याकडे दिली. "बरं झालं आलात. पुढची केस."

मी उठले नाही. पर्समधून कोडवालीने काढून दिलेला दुसरा कागद काढला.

"अजून पाच आहेत, मॅडम. याच यादीतले. त्यांनाही आम्ही असंच पाहुणं केलंय; रोज त्याच वेळी कुणीतरी चढल्याची खूण तेवढी उरलीय."

मॅडमनी कागदावरची पाच नावे वाचली. मग कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हते.

"आणि यांच्या वह्या?"

"नाहीत."

"सिस्टर, वजन नाही, वही नाही. कशाच्या जोरावर मी नावं ठेवू? तुम्हीच सांगा. या बाईंनी लिहून ठेवलं. यांनी का नाही ठेवलं?"

"कारण काटा लिहून घेतो असं आम्हीच त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांना ते खरं वाटलं."